पुसलेला तारा

बालाघाटाच्या पठारावरल्या एका तालुक्याच्या गावात, सरकारी दवाखान्याच्या क्ष-किरण विभागात, पेशंटांच्या छात्या बघायला ठेवलेल्या मोठ्या पडद्यावर डॉक्टर ऊर्मिला सरवदेनं भरदुपारी एक तेजोमेघ लावला होता. निळसर धुराचा लोट आणि त्यातून डोळ्यांसारखे रोखून बघणारे दोन तारे. मृग नक्षत्राच्या पोटात रुतलेल्या बाणाच्या जरा वर ही जागा आहे. नुसत्या डोळ्यांनी बघाल तर तिथं काळोखाशिवाय काही नाही.

"कुणाचं फुप्फुस म्हणायचं हे? बिड्या लई ओढल्यात की," दारातून नासिर मुजावर म्हणाला.

"तुझंच आहे. ये आत, दार लाव."

नासिर पुण्याच्या एका संशोधन संस्थेत खगोलभौतिकीचा प्राध्यापक होता. सोलापूरच्या कॉलेजात दोघं एका वर्गात होती. पुढं तो तारे शिकायला गेला, ती हाडं बघायला. पण वेड लागलं ते तिला. नासिर दुर्बिणीला डोळा लावायचा तो पगारासाठी, आणि ऊर्मिला आपला पगार दुर्बिणीत घालायची. गेली बारा वर्षं ती पठारावर जाऊन तेजोमेघांचे फोटो काढत होती. लग्नाकार्यात नातेवाईक विचारायचे, "यातून मिळतं काय गं तुला?" ती म्हणायची, "तुमच्याशी बोलावं लागत नाही."

"हा डावीकडचा फोटो पुण्याच्या एका हौशी माणसानं आपल्या गच्चीवरून काढलाय," ती म्हणाली. "उजवीकडचा माझा, पठारावरचा. दोन्ही एकाच आठवड्यातले. फरक सांग."

नासिरनं चष्मा कपाळावर चढवला. डावा फोटो लग्नपत्रिकेवर छापावा इतका देखणा होता. उजवा दाणेदार, मळकट, उपग्रहांच्या अर्धवट विरलेल्या रेघांनी ओरबाडलेला.

"फरक असा, की त्याला फोटो काढता येतो आणि तुला येत नाही."

"डोळ्यांच्या खाली बघ, मुजावर."

त्यानं बघितलं. मळक्या फोटोत, दोन डोळ्यांच्या खाली, गालावर तीट लावावी तसा एक ठसठशीत तारा होता. त्याच्याभोवती, अगदी फिकट, बांगडीसारखं एक कडं. देखण्या फोटोत त्या जागी मऊ निळा धूर होता. बाकी काही नाही.

"भूत आहे," नासिर म्हणाला. "जवळपासच्या एखाद्या तेजस्वी ताऱ्याचा उजेड तुझ्या कॅमेऱ्यापुढच्या गाळणकाचेवर, फिल्टरवर, आपटून परत फिरलाय. हौशी लोकांना अशी भुतं रोज दिसतात."

"मला शिकवतोस? मी पण दीड महिना भूतच समजत होते. गाळणकाच पुसली, बदलली, दुर्बिणीच्या आरशाला घालायच्या त्या सगळ्या शिव्या घालून झाल्या. शेवटी कॅमेराच पाव वळसा फिरवून बसवला. भूत काचेतलं असतं तर कॅमेऱ्याबरोबर फिरलं असतं."

"मग? फिरलं?"

"ना कडं फिरलं, ना तारा. जागचं काही हललं नाही. ते आकाशात आहे."

नासिरनं चष्मा डोळ्यांवर घेतला. थट्टा संपली की तो असं करायचा.

"मग त्या पुणेकराच्या फोटोत का नाही?"

"ते तू सांग. तुमच्याच लोकांनी डोक्यावर घेतलंय ते 'निर्मळ'."

'निर्मळ' माहीत नाही असा फोटो काढणारा माणूस तेव्हा शोधून सापडला नसता. आकाशात उपग्रहांची संख्या लाखाच्या वर गेली होती. कॅमेऱ्याचं झाकण उघडून दहा मिनिटं धरलं की फोटोवर वहीच्या पानासारख्या रेघा उमटायच्या. त्यात शहरांचा उजेड. ज्यांनी आकाशाची ही माती केली, त्यांनीच मग ती पुसायचं फडकं विकायला काढलं. उपग्रह सोडणाऱ्या एका कंपनीच्याच पोटातून निर्मळ बिंब नावाची दुसरी कंपनी जन्मली. तिची प्रणाली कॅमेऱ्यात बसवा आणि चौकातल्या दिव्याखाली उभं राहून तेजोमेघाचा फोटो काढा, चकचकीत येणार. लोक हरखून गेले. घाण करणाऱ्यालाच झाडूचं कंत्राट द्यायचं आणि वर त्याचा सत्कार करायचा, ही आपली जुनी खोड आहे.

"सांगतो," नासिर खुर्ची ओढून बसला. "याला आम्ही स्मृतिपूरण म्हणतो. समज, चांगला फोटो यायला प्रकाशाचे शंभर कण लागतात. पुण्याच्या गच्चीवरून त्या कॅमेऱ्याला मिळतात दहा. उरलेले नव्वद कुठून आणायचे? निर्मळला आधी त्याच तेजोमेघाचे लाखो फोटो दाखवून ठेवलेत. ते दहा कण बघून म्हणतं, अच्छा, हा तो होय! आणि नव्वद कण आठवणीतून भरतं."

"आणि आठवणीत नसलेलं काही त्या दहा कणांत आलं तर?"

"ते कचरा ठरतं. उपग्रहाची रेघ, विमानाचा दिवा, गाळणकाचेतलं भूत. पुसून टाकायचं."

"आणि खराच नवा तारा आला तर?"

नासिरनं पडद्यावरच्या त्या ताऱ्यावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "तोही कचराच. आठवणीत कुठाय तो?"

"मूळ फोटो?"

"कच्चं बिंब? ते प्रणाली ठेवतच नाही. कॅमेऱ्यातच पुसते. म्हणतात, जागा फार खातं."

ऊर्मिला उठली. तेजोमेघ काढून तिनं त्या जागी एका बाईच्या छातीचा फोटो लावला. स्वच्छ, सुरेख, पुस्तकात छापतात तसा.

"या अनसूयाबाई. बाजारात बांगड्या विकतात. तीन महिने खोकला होता. दीड वर्षापूर्वी आपल्या या यंत्रात पण निर्मळ बसवलंय. तीन जिल्ह्यांत प्रयोग चालू आहे. डोस दहावा हिस्सा, वीज कमी, फोटो झकास. निर्मळ म्हणालं, फुप्फुस निरोगी. पण मी छातीला नळी लावली तर उजवीकडे वरच्या बाजूला श्वासच नीट ऐकू येईना. सोलापूरला पाठवून जुन्या यंत्रावर फोटो काढायला लावला. लिंबाएवढी गाठ. उपचार चालू आहेत, वाचतील. पण माझ्या नळीपुढं आल्या म्हणून वाचतील. बाकीचे नुसता फोटो घेऊन घरी गेलेत."

"तक्रार केलीस?"

"केली. कंपनीचे मुख्य शास्त्रज्ञ आहेत ना, डॉक्टर तन्मय रेगे, त्यांचं गोड उत्तर आलं. हजारात एखादी चूक माणसाकडूनही होते, बाईंच्या छातीचं कच्चं बिंब असेल तर पाठवा, तपासू. कच्चं बिंब! जे यांनीच पुसलं ते मी पाठवू! बरं, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तपासायला मी कुणाला उगाच क्ष-किरणांखाली उभं करू? पुढच्या महिन्यात सरकारनं नेमलेल्या समितीपुढं सुनावणी आहे. मंजुरी मिळाली की राज्यातल्या एकूण एक सरकारी दवाखान्यात हे बसणार आणि जुनी पद्धत कायमची कुलूपबंद. मग नळी लावणारी ऊर्मिला कितीजणांना पुरणार?"

तिनं पुन्हा तेजोमेघ लावला.

"म्हणून तुला बोलावलं. आकाश हा एकच पेशंट आहे, मुजावर, की ज्याचा हवा तितक्या वेळा फोटो काढा, त्याला काही होत नाही. आणि कुणीही काढा. हा तारा खरा ठरला तर ते यंत्र काय करतं ते सगळ्या जगापुढं येईल."

नासिर पडद्याकडे बघत राहिला. "एक सांगू का? हसणार नसशील तर."

"हसणार."

"आमच्या पाहणीच्या मोठ्या दुर्बिणींना पण तीन वर्षांपासून निर्मळ लावलंय. उपग्रहांच्या रेघांनी जीव नको केला होता. रोज आख्खं आकाश बघतो आम्ही, आणि रोज आमचीच जुनी आठवण बघतो." त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "हस आता."

ऊर्मिला हसली नाही. "तुझ्या संस्थेच्या दुर्बिणीचं ते फडकं काढता येईल?"

"दुर्बीण माझ्या बापाची नाही. पण बघतो. भांडावं लागेल."

"भांडायला कमी पडलास तर फोन कर."

*

मार्चची संध्याकाळ. सूर्य बुडून नुकता कुठं तासभर झाला होता आणि मृग डोक्यावरून पश्चिमेकडे कलायला लागला होता. आता दीड-दोन महिन्यांत तो मावळतीच्या उजेडात शिरणार आणि पुढं दोन-तीन महिने दिसणार नाही. पठारावर वारा होता. ऊर्मिलानं आपली जीप वाऱ्याच्या बाजूला आडवी लावून दुर्बिणीला आडोसा केला होता.

तिची पद्धत जुनी. एक मोठा फोटो काढायचाच नाही. पाच-पाच मिनिटांचे पन्नास काढायचे. मग दुर्बिणीला झाकण घालून काही फोटो निव्वळ अंधाराचे घ्यायचे, म्हणजे कॅमेऱ्याची स्वतःची खरखर किती ते कळतं. ती वजा करायची आणि सगळे फोटो एकावर एक रचायचे. याला हौशी मंडळी थरजोड म्हणत. रेघ एखाद्याच थरात असते, तारा प्रत्येक थरात. म्हणून थर रचत गेलं की रेघ आपोआप विरते आणि तारा ठळक होतो. कुणाच्या आठवणीची गरज पडत नाही. फक्त बसावं लागतं, थंडीत, ढेकळांवर, थर्मासमधला गार चहा पीत. आणि बसणं हीच गोष्ट लोकांना नको झाली होती.

फोन वाजला. नासिर.

"बसलीयस का उभी आहेस?"

"दुर्बिणीला हात लावून उभी आहे. हलवू नकोस मला."

"तारा खरा आहे." त्याचा आवाज चढला होता. "फडकं काढून दुर्बीण लावली. वर्णपट घेतला. कोवळा तारा आहे, सरवदे, अजून धुळीच्या बाळंतखोलीत आहे. त्याच्यावर आजूबाजूचा वायू कोसळला आणि भडका उडाला. आता ओसरलाय, पण पहिल्यापेक्षा कितीतरी उजळ आहे."

ऊर्मिलानं डोळे मिटले. भूत समजून तिनं पुसून पुसून बघितलेला तो ठिपका. बारा वर्षांत पहिल्यांदा तिनं आकाशात असं काहीतरी टिपलं होतं की जे तिच्याआधी कुणी बघितलं नव्हतं.

"ऐकतेयस ना?"

"बोल. तो रेगे काय म्हणेल ते सांग मला."

"तो म्हणेल, तारा परवाच उजळला. आमच्या प्रणालीत अजून नोंद व्हायचीय. आणि गेल्या वर्षीच्या जानेवारीत समितीच्या सदस्यांनी स्वतःच्या हातांनी निर्मळच्या कॅमेऱ्यानं याच तेजोमेघाचा फोटो काढला होता, तेव्हा तो ताराच नव्हता, म्हणून दिसला नाही. तो फोटो मंजुरीच्या कागदांत पहिला पुरावा म्हणून लावलाय त्यानं. शहराच्या गच्चीवरून तेजोमेघ, बघा आमची अचूकता! चौदा महिने झाले त्याला. तारा तेव्हा होता हे सिद्ध करायला तेव्हाचं कच्चं बिंब पाहिजे. ते जगात कुणाकडं नाही."

"माझ्याकडं पण नाही. या हिवाळ्याआधीचे दोन हिवाळे दुर्बीण दुरुस्तीत पडून होती." ऊर्मिलानं एक शिवी हासडली. "म्हणजे बोंबला."

"थांब की. मी अजून कड्याबद्दल बोललोच नाही."

"बोल."

"विहिरीत दगड टाकला की काय होतं? तरंगाचं कडं उठतं आणि काठाकडे सरकत जातं. तू उशिरा पोचलीस, दगड पडताना बघितला नाहीस, तरी कडं केवढं झालंय आणि किती वेगानं वाढतंय यावरून दगड कधी पडला ते सांगता येईल का नाही?"

"येईल."

"तेच आहे. भडका उडाला तेव्हा थोडा उजेड थेट आपल्याकडे निघाला आणि थोडा चहूकडच्या धुळीकडे गेला. लांबच्या धुळीवर तो उशिरा पोचतो, तिथून उजळून आपल्याकडे येतो. म्हणून आपल्याला उजेडाचं एक कडं दिसतं, सावकाश मोठं होणारं. प्रकाशपडसाद. डोंगरात हाक मारल्यावर येतो तसा, फक्त उजेडाचा. कड्याचा पण वर्णपट घेतला मी. भडक्याचाच उजेड आहे, शंका नाही. आता मला तुझे डिसेंबरातले फोटो पाहिजेत. भूत म्हणून टाकून नाही ना दिलेस?"

"मी कच्चं काही टाकत नाही. नवऱ्याचा तोच तर राग आहे."

तिनं जीपमध्येच संगणक उघडला. डिसेंबरचा थर खाली, काल रात्रीचा वर. दोन कडी एकमेकांत, लहान-मोठ्या बांगड्यांसारखी. तीन महिन्यांत कडं जेवढं वाढलं होतं ते तिनं मोजलं. तेवढंच माप घेऊन कडं आतल्या बाजूला दुमडत मागं मागं जात राहिली. एक घडी, दुसरी, तिसरी. कड्याचा ठिपका व्हायला नऊ घड्या लागल्या. नऊ त्रिक सत्तावीस.

सत्तावीस महिने. सव्वादोन वर्षं. आणि समितीनं गच्चीवरून फोटो काढला त्याला चौदाच झाले होते.

"नासिर," ती म्हणाली. एरवी ती त्याला आडनावानंच हाक मारायची. "तो तारा त्या जानेवारीत होता. वर्षभर आधीपासून होता. सबंध जगानं त्याचे फोटो काढले आणि प्रत्येकानं तो पुसला."

"आणि तारीख कुणी लिहिली? त्यानंच. आकाशभर लिहिली, आणि रोज मोठी करतोय."

पठारावर कुणी नव्हतं. ऊर्मिलानं पोटातून एक आरोळी ठोकली. लांब कुठंतरी कुत्री भुंकायला लागली.

*

सुनावणीच्या सभागृहात डॉक्टर रेगे सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. माणूस उंच, आवाज मधाचा, सदरा खादीचा. सोबत पेटीत मावणारं निर्मळचं नवं फिरतं क्ष-किरण यंत्र, दाखवायला आणलेलं. समितीच्या अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती कुमुद नाईकनवरे. सत्तरीच्या, किरकोळ अंगाच्या, कुणी लांबण लावली की पेनानं टेबलावर टकटक करणाऱ्या.

ऊर्मिलानं पडद्यावर तीन फोटो लावले. समितीनं स्वतः काढलेला, डिसेंबरातला आणि मार्चमधला. दहा मिनिटांत सांगून ती बसली. सभागृहात कुजबूज उठली.

रेगे उठले. "सरवदेबाईंच्या छंदाबद्दल मला आदर आहे. पण हौशी कॅमेऱ्यात ठिपके येतातच."

"प्राध्यापक मुजावरांनी मोठ्या दुर्बिणीतून घेतलेला वर्णपट जोडलाय," ऊर्मिला बसल्या जागेवरून म्हणाली. "पान उलटायचे कष्ट घ्या."

रेग्यांनी पान उलटलं. चेहरा हलला नाही, सराव होता. "ठीक. तारा आहे. विज्ञानासाठी आनंदाचा दिवस! परंतु तो अलीकडे उजळला. आमच्या पुढच्या आवृत्तीत तो नक्की असेल."

नासिर उठला. त्यानं विहीर सांगितली, दगड सांगितला, कडं दाखवलं. नऊ घड्या एकेक करून समितीसमोर घातल्या.

"धूळ सगळीकडे सारखी नसते," रेगे म्हणाले. ते अडाणी नव्हते, आणि तेच जास्त संतापजनक होतं. "ती वाकडीतिकडी पसरलेली असेल तर कडं भलत्याच वेगानं वाढताना दिसतं. तुमची तारीख चुकेल."

"चुकेल," नासिर म्हणाला. "आम्ही धूळ वाकडी धरून पाहिली, तिरकी धरून पाहिली. दोन-तीन महिन्यांनी चुकते. तुम्हाला पाहिजे तर मी चार धरतो. तुम्हाला चुकायला पाहिजे तेरा महिन्यांनी. इतकी वाकडी धूळ कुठं असेल तर ती तुमच्या अर्जात आहे."

कुणीतरी हसलं. न्यायमूर्तीबाईंनी टकटक केली. मग स्वतःच म्हणाल्या, "म्हणजे तो फोटो मी काढला तेव्हा तारा तिथं होता?"

"होता," ऊर्मिला म्हणाली. "तुमच्या कॅमेऱ्यात त्याचा उजेड शिरला. यंत्रानं तो बघितला, ओळखीचा नाही म्हणून पुसला, आणि तुमच्या हातात जुनी आठवण ठेवली. फोटो तुम्ही काढलाच नाही, मॅडम. तुम्ही बटण दाबलंत."

बाईंनी कागदांतून तो फोटो काढून आपल्यापुढं ठेवला.

रेग्यांनी पाण्याचा घोट घेतला. आता त्यांनी शेवटचं आणि सगळ्यांत मजबूत पान टाकलं. "मान्य. आकाशाच्या प्रणालीत सुधारणेला वाव आहे. ते शेवटी मनोरंजन आहे. पण ही समिती बसलीय आरोग्यासाठी. आकाश अफाट आहे, तिथं नवं काही उगवतं. माणसाचं शरीर तसं नाही. दोन फुप्फुसं, एक हृदय, चोवीस बरगड्या. आमच्या वैद्यकीय प्रणालीनं चार कोटी छात्या बघितल्यात. इतक्या छात्या जगातल्या कुठल्याही डॉक्टरनं बघितलेल्या नाहीत. तिच्या स्मृतीबाहेरचं शरीर अस्तित्वात नाही. एका ताऱ्यापायी गरिबांच्या दारात आलेलं आरोग्य तुम्ही परत पाठवणार का?"

भाषण जबरदस्त होतं. दोन सदस्यांनी माना डोलावल्या. अनसूयाबाईंचं नाव काढलं तर हजारात एक हे उत्तर तयार होतं, आणि दुसरं शरीर तिच्याकडे नव्हतं. ती उठून ओरडणार, तेवढ्यात टकटक झाली.

"ते यंत्र चालतं का?" न्यायमूर्तीबाईंनी विचारलं.

"अर्थात. चार सेकंदांत फोटो."

"मग माझा काढा."

रेगे खुलले. याहून चांगली जाहिरात कुठली? बाईंनी गळ्यातली साखळी काढून पर्समध्ये टाकली, यंत्रापुढं ताठ उभ्या राहिल्या. कंपनीच्या इंजिनिअरनं सगळ्यांना लांब सारलं, बाईंना श्वास रोखायला सांगितला आणि बटण दाबलं. पडद्यावर फोटो उमटला. चकचकीत. एकेक बरगडी मोजून घ्यावी.

"अभिनंदन, मॅडम," रेगे म्हणाले. "फुप्फुसं स्वच्छ. हृदयाचा आकार उत्तम. या वयात इतकी निरोगी छाती क्वचितच बघायला मिळते."

"हृदय कुठल्या बाजूला दिसतंय?"

"डावीकडे." रेगे हसले. "जिथं असतं तिथंच."

"नक्की ना? डॉक्टरबाई, तुम्ही पण बघा. डावीकडेच आहे?"

ऊर्मिलानं पडद्याजवळ जाऊन बघितलं. "फोटोत डावीकडेच आहे, मॅडम."

"तुमची नळी आणलीय का?"

नळी ऊर्मिलाच्या पिशवीत असायचीच. तिनं ती बाईंच्या छातीला डावीकडे लावली आणि कपाळाला आठी घातली. लांबून कुणीतरी भिंतीवर थापा माराव्यात तसा आवाज. तिनं नळी मध्ये सरकवली. मग उजवीकडे. आणि तिथं, कानाला अगदी चिकटून, खणखणीत ठोके.

तिनं मान वर केली. न्यायमूर्तीबाई तिच्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पोरीसारखी चमक होती.

"जन्मापासून," त्या म्हणाल्या. "पोटातलं पण सगळं उलट्या बाजूला आहे. काही बिघडलं नाही. वकिली केली, दोन मुलं झाली, पस्तीस वर्षं लोकांना शिक्षा दिल्या. दहा हजारांत एखादा माणूस असा असतो म्हणतात. म्हणजे तुमच्या चार कोटींत चार हजार तरी निघायला हवेत, रेगे. ते कुठं गेले हो?"

इंजिनिअर घाबरून बोलून गेला, "सर, खेड्यापाड्यांतून प्लेट उलटी लावलेले फोटो खूप यायचे, म्हणून प्रणाली तसे सगळे सरळ करून घेते..."

"गप बस," रेगे म्हणाले. तो मध कुठल्या कुठं गेला होता.

"बोलू द्या त्याला," ऊर्मिला गरजली. तिचा आवाज सभागृहाच्या टोकापर्यंत गेला. "आज प्लेट उलटी नव्हती, रेगे. माणूस वेगळा होता. आणि तुमच्या यंत्रानं माणूसच सरळ करून टाकला. तारा पुसला, गाठ पुसली, आता जितंजागतं काळीज उचलून दुसरीकडे ठेवलं! घ्या, ऐका." तिनं नळी त्यांच्यापुढं धरली. "चार कोटी छात्या बघितल्यात ना? ही एक ऐका."

रेग्यांनी नळी घेतली नाही. नासिरनं मात्र मागच्या रांगेतून टाळी वाजवली, एकट्यानंच, आणि मग त्याच्या शेजारच्यानं, मग समितीतल्या त्या दोन डोलणाऱ्या सदस्यांनीसुद्धा. वारं फिरलं की फिरणारी माणसं प्रत्येक समितीत असतात. आज ती बरोबर बाजूला फिरली एवढंच.

न्यायमूर्तीबाईंनी टकटक करून शांतता केली आणि तिथंच निकाल सांगितला. कंपनीचा अर्ज नामंजूर. तीन जिल्ह्यांत निर्मळखाली ज्यांचे फोटो निघाले त्या प्रत्येकाची कंपनीच्या खर्चानं जुन्या पद्धतीनं पुन्हा तपासणी, आणि ती डॉक्टर सरवदेंच्या देखरेखीखाली. यापुढं या राज्यात कुणाच्याही शरीराचं कच्चं बिंब पुसायचं नाही. आणि आकाशाचंही नाही, असं प्राध्यापकांना वाटत असेल तर त्यांनी वेगळा अर्ज करावा, तो त्या आनंदानं वाचतील.

ऊर्मिला मटकन खुर्चीत बसली. तिच्या तोंडभर हसू होतं.

बाईंनी पर्समधून काढलेली साखळी तशीच मुठीत धरली होती. त्या पुन्हा यंत्रापुढं जाऊन ताठ उभ्या राहिल्या.

"इंजिनिअर, ते तुमचं निर्मळ बंद करा," त्या म्हणाल्या. "माझा फोटो परत काढा. या वेळी माझ्याकडे बघून."